नोटरीच्या कागदावर विसंबू नका

जुनी गाडी विकण्यावरच्या एका लेखात म्हटलंय की स्टॅम्प पेपरवर ‘आजपासून सर्व जबाबदारी घेणाऱ्याची’ असं लिहून नोटरी केली की विकणारा सुटला. अहो, कसला सुटतोय! आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) नाव ज्याचं, कायद्याने मालक तोच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नेमकं हेच सांगितलं. गाडी एकामागून एक अशी बऱ्याच हातांतून फिरली होती, तरी अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावरच आली. विक्रीची खबर विकणाऱ्यानेच १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते (गाडी परराज्यात गेली तर ४५). प्रत्यक्षात एजंट कोऱ्या फॉर्म २९-३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म) सह्या घेतो, ‘बघतो साहेब’ म्हणतो आणि तारखेची जागा वर्षभर रिकामीच. आणि हो, फास्टॅगही बंद करून टाका, नाहीतर घेणाऱ्याचा टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल.