अठरा डॉलरचा पडदा

शॉवरच्या पडद्याचे अठरा डॉलर! बिलात वेगळी ओळ करून लावले. परवाची गोष्ट, अजून पोटात ढवळतंय.

झालं ते थोडक्यात सांगतो. डेन्व्हरहून सॉल्ट लेक सिटीला निघालो होतो, मी आणि बायको. वायोमिंगमधला आय-८० हा महामार्ग हिवाळ्यात वाऱ्याच्या मर्जीवर चालतो. वारा सुटला की जमिनीवरचं बर्फ उडायला लागतं, पुढची गाडी दिसेनाशी होते, आणि मग रस्ता बंद करायला आपल्या रेल्वे फाटकासारखा दांडा खाली येतो. आमच्यापुढे तो रॉलिन्सला आला. गावाच्या कडेला एक मोटेल होतं. आत शिरलो तर अगरबत्तीचा वास. म्हणजे आपलाच माणूस! अमेरिकेतली निम्म्याच्या आसपास मोटेलं भारतीय वंशाच्या लोकांकडे आहेत, त्यांतले बरेचसे पटेल. तेव्हा आडनाव मी सांगत नाही, तुम्हीही विचारू नका.

काका निघाले मुलुंडचे. "मराठी? अरे, मग तर घरचाच तू!" एवढं म्हणून घरच्या माणसाला पूर्ण भाडं लावलं. रस्ता सरकारने बंद केला, त्यात माझा काय दोष? पण ते असो.

खोलीतला हीटर नुसताच खोकत होता, म्हणून रात्री लॉबीत येऊन बसलो. टीव्हीवर 'सायको' लागला होता. हायवेने वाळीत टाकलेलं मोटेल, पाऊस, रात्र आणि एकटी बाई. बाहेर बर्फ असताना आणि आपणच मोटेलात अडकलेलो असताना हा चित्रपट बघू नये, हे मलाही कळतं. पण रिमोट काकांकडे होता.

दिग्दर्शक हिचकॉकने हा चित्रपट आठेक लाख डॉलरांत उरकला होता. कृष्णधवल, आणि बरीचशी माणसं त्याच्या टीव्ही मालिकेतलीच. खर्चाची ही काटकसर सोडली, तर काकांना त्यातलं काहीच पटलं नाही.

ती एकटी बाई, मॅरियन, रजिस्टरमध्ये खोटं नाव लिहिते. काका उसळले. "आयडी नाय बघितला? डिपॉझिट नाय घेतला?" मोटेल चालवणारा नॉर्मन तिला सँडविच आणि दूध आणून देतो. "डिनर फ्री? धंदा करते की सदावर्त?" बारा खोल्या आणि बाराही रिकाम्या, हे कळल्यावर मात्र काका गप्प झाले. नवा हायवे झाला आणि जुन्या रस्त्यावरची गिऱ्हाइकं गेली, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. "आमच्या मोठ्या भावाचा असाच गेला," एवढंच म्हणाले. त्या मिनिटात मला ते फार आवडले. अठरा डॉलर तेव्हा व्हायचे होते.

मग तो शॉवर. पाऊण मिनिटाचा प्रसंग, शूटिंगला सात दिवस लागले होते, रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं. हे सगळं पाठ असूनही मी सोफ्याची उशी छातीशी धरली होती. व्हायोलिनं किंचाळत होती. आणि काका? "पाणी चालूच हाय! गरम पाणी हाय ते!" मॅरियन पडदा धरून खाली कोसळते, कड्या पटापट तुटतात. काका मान हलवत म्हणाले, "पडदा गेला." बाई गेली त्याचं काही नाही.

पुढे नॉर्मन बादली आणि मॉप घेऊन न्हाणीघर लख्ख करतो, तेव्हा काकांनी त्याला पहिल्यांदा मार्क दिले. "असा पोरगा मला भेटला पाहिजे." पण मॅरियनने चोरलेले चाळीस हजार डॉलर वर्तमानपत्रात गुंडाळलेले असतात, आणि नॉर्मन ते न उघडताच डिकीत टाकून गाडीसकट दलदलीत बुडवतो. काका उभेच राहिले. "अरे, रूम साफ करते तर पेपर उघडून बघायला नको?" गाडी अर्धी बुडून क्षणभर थांबते, तेव्हा जगभरच्या प्रेक्षकांनी श्वास रोखला असेल. काकांनी हात जोडले.

तेवढ्यात काउंटरवरची घंटी वाजली. एकदा चित्रपट सुरू झाला की कुणालाही आत सोडायचं नाही, असा हिचकॉकचा नियम होता. इथे दोन ट्रकवाले आत आले, काकांनी त्यांचे लायसन्स मागून-पुढून तपासले, आगाऊ पैसे घेतले आणि परत येऊन विचारलं, "काय झाला?" मी सांगितलं. दर वेळी मीच सांगायचं.

मॅरियनला शोधत आलेल्या गुप्तहेराला नॉर्मन सांगतो की कुणी झोपो न झोपो, आठवड्याला सगळ्या चादरी बदलतो. काका हळूच माझ्याकडे झुकले. "हा वेडा हाय." खुनाच्या वेळी नाही, चादरीवरून त्यांना खात्री पटली. या बाबतीत आपल्याकडचे लॉजवाले बरे. कुठून आलात, कुठे निघालात, कशासाठी, आधारची झेरॉक्स द्या. एवढं भरेपर्यंत खुन्यालाच झोप येईल.

रात्री दोनला मला जावं लागलं. बाथरूममध्ये पडदा ओढलेला. मागे कोणी नाही, हे डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. जोरात ओढला. पडदा टरकन फाटला आणि दांडा थेट माझ्या खांद्यावर. बायको आतून ओरडली, "आता काय पाडलंस?"

सकाळी काकांनी कड्या मोजल्या. एक खर्च कामाचा, दुसरा सामानाचा, असं काहीतरी सांगत बिल छापलं. मी म्हणालो, "काका, पिक्चर तुम्ही लावला होता." "बघायला पैसे घेतले का?" म्हणाले, आणि बायकोच्या हातात थेपल्यांची पुडी दिली. तिला ते अजूनही देवमाणूस वाटतात.

मी मात्र फाटका पडदा मागून घेतला. पैसे मोजलेत. लांबलचक गुंडाळी करून डिकीत ठेवला आहे. काल पेट्रोल भरताना डिकी उघडली, तर शेजारच्या पंपावरचा माणूस टाकी अर्धी सोडून निघून गेला.