तिसरी लाइन काढणाऱ्या नवाबांनो

मनालीजवळच्या सोलंगच्या उतारावर काल ज्या पांढऱ्या एसयूव्हीवाल्याने तिसरी लाइन काढली, त्याला जन्मभर आमच्या नाशिकचा संध्याकाळी सातचा द्वारका चौक लाभो. एवढंच मागणं आहे माझं.

एका बाजूला फावड्याने सारलेल्या बर्फाचा ढीग, समोरून अटल बोगद्याकडे चढणाऱ्या गाड्या, मधे कसाबसा दोन गाड्यांचा रस्ता. आम्ही सगळे मुकाट एकामागे एक उभे. आणि हा गडी इंडिकेटरसुद्धा न देता बाहेर निघाला. कशाला? पुढे जायला. पुढे काय होतं? जॅमच की! गेला तसा समोरच्या बसच्या नाकाला नाक लावून थांबला. बस मागे जाईना, कारण तिच्यामागे रांग. हा मागे येईना, कारण तोवर याच्यामागे आणखी दहा-पंधरा हुशार चिकटलेले. झालं कल्याण. पोलीस बिचारा शिट्टी फुंकून फुंकून लाल झाला, ऐकतो कोण.

बरं, थांबलाही धड नाही. ब्रेक मारला आणि गाडी आडवी घसरत गेली. खाली उतरून वर ऐट अशी, की "फोर बाय फोर आहे, काही होत नाही." अरे फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद, ती गाडी ओढायला असते, थांबवायला नाही! ब्रेक तुझ्याही चार चाकांना आहेत आणि माझ्याही चारच चाकांना. दुपारी वितळलेलं पाणी ऊन डोंगराआड गेलं की गोठतं, खालचं डांबर दिसत राहतं, म्हणून नुसता ओला रस्ता वाटतो. तिथे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावरच गाडी उतरवायची असते. पण कसारा घाटात न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणाऱ्यांना हे कोण सांगणार?

सकाळपासूनच डोकं तापलेलं होतं म्हणा. बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून बांधायच्या चेन भाड्याने देणारा आमच्या गाडीच्या मागच्या चाकांना चेन बांधायला बसला. म्हटलं, दादा, ही गाडी पुढच्या चाकांवर चालते, चेन पुढे बांधा. तर म्हणे, "साहब, सब पीछे ही लगवाते हैं." सब! तो सब कोण आहे, एकदा भेटवा मला. आमचा मेहुणाही त्या सबमधलाच. निघताना म्हणाला, "दाजी, रेडिएटरमध्ये साधं पाणी चालतं, कूलंट म्हणजे कंपनीची लूट." पाणी गोठलं की फुगतं आणि रेडिएटर फुटतो, हे त्याला समजावण्यात माझी एक अख्खी रविवारची झोप गेली.

आणि बोगदा! नऊ किलोमीटरचा. पूर्वी रोहतांगची खिंड बर्फाने बंद झाली की लाहौलची माणसं महिनोन् महिने पलीकडे अडकायची. त्यांच्यासाठी २०२० मध्ये तो सुरू झाला. आमच्या लोकांना वाटतं तो रील काढायला खोदलाय. आत ओव्हरटेक बंद, थांबणं बंद, तरी सनरूफमधून अर्धं बाहेर निघून किंचाळणारी पोरं आहेतच. हॉर्न का वाजवतात तर म्हणे आवाज घुमतो.

असो. तर मी काच खाली करून त्या एसयूव्हीवाल्याला माझ्या ठेवणीतल्या हिंदीत झापायला लागलो. झापता झापता नंबर प्लेट बघितली. एमएच १५, म्हणजे आमचं नाशिकच. सतराशे-अठराशे किलोमीटर गाडी हाणून मी पाथर्डी फाट्यावरच्या माणसाशी भांडत होतो! रागाच्या भरात मराठीत घसरलो, तर त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "काका, तुम्ही नाशिकचे? कुठे राहता? गंगापूर रोडला माझी सासुरवाडी आहे!" मागून त्याच्या बायकोने चिवड्याची पिशवी पुढे केली. आमच्या सौभाग्यवतींनी ती घेतली. घेतली! माझ्या मांडीवर बर्फ साचतोय, कानाच्या पाळ्या बधिर, वाक्य अर्धवट तोंडात, आणि मागच्या सीटवर शेंगदाणे जास्त कोणाला गेले यावर पोरांची मारामारी. मी एकटाच रागावलेला. तेही अशा माणसावर, जो मला "काका, पाणी पाहिजे का" विचारत होता. चिवडा बरा होता, कांदा तेवढा नव्हता. पण लाइन तोडली ती तोडलीच, चिवड्याने ती माफ होत नाही.

मनालीत पोचेपर्यंत मध्यरात्र. वाटेतलं भाड्याच्या कोट-बुटांचं दुकान केव्हाच बंद. सकाळी त्या दुकानदाराने अंगावर घालायला दिलेला कोट आधीच्या गिऱ्हाइकाच्या घामाचा वास मारत होता, बूट आतून ओले होते, आणि वर रोख डिपॉझिट. ते आता बुडालंच, कारण उद्या पहाटे खाली उतरायचंय. बूट मात्र माझ्या डिकीत आहेत. गुडघ्यापर्यंतचे, एक नंबर मोठे. ते नाशिकला घालू कुठे? निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की द्राक्षबागेत?