अलाबामाचे टोमॅटो खुडायला कोण गेलं? एका फॉरवर्डला उत्तर

घरच्या ग्रुपवर आमच्या निफाडच्या काकांनी परवा एक मेसेज टाकला. मथळा ‘अलाबामाने करून दाखवलं!’, शेजारी तिरंगा (अमेरिकेच्या बातमीला तिरंगा कशाला, देव जाणे). मजकुराचा सारांश असा: अमेरिकेतल्या अलाबामा राज्याने २०११ साली घुसखोरांविरुद्ध देशातला सर्वांत कडक कायदा केला. घुसखोर रातोरात पळाले. चार महिन्यांत बेरोजगारी १० टक्क्यांवरून ८ वर आली. मजुरी वाढली. कर न भरणाऱ्या फुकट्यांवरचा खर्च वाचून तिजोरी भरली. कायद्याने राहणाऱ्या एकाही माणसाला त्रास झाला नाही. आणि शेवटी नेहमीचं शेपूट, ‘आपल्याकडे कधी?’

असे मेसेज मी एरवी न वाचता पुढे सरकवतो. पण काकांनी खाली ‘अभ्यासपूर्ण’ असा शेरा मारला, आणि त्यांच्याच मुलीने, जॉर्जियात अल्फारेटाला एच-वन-बी व्हिसावर राहणाऱ्या आमच्या ताईने, त्याला अंगठा दिला. आता गप्प बसवत नाही. आपल्याकडचं आपण नंतर बघू. आधी अलाबामात काय झालं ते तरी नीट बघू या.

बेरोजगारीपासून सुरू करतो, कारण सगळा मेसेज त्याच एका आकड्यावर उभा आहे.

आकडा ढोबळमानाने खरा आहे, हे आधीच सांगून टाकतो. रॉबर्ट बेंटली या गव्हर्नरांनी ९ जून २०११ रोजी एचबी ५६ या कायद्यावर सही केली. २८ सप्टेंबरला फेडरल न्यायाधीशांनी त्यातली बरीच कलमं लागू होऊ दिली, आणि वर्षअखेरीपर्यंत अलाबामाचा बेरोजगारीचा दर दहाच्या जवळून आठच्या जवळ आला. कायद्याचे एक कर्ते, राज्याच्या सिनेटमधले स्कॉट बीसन, याचं श्रेय लगेच कायद्याला देऊन मोकळे झाले. पण त्याच काळात अख्ख्या अमेरिकेचा दरही ९ वरून साडेआठवर आला होता. शेजारच्या फ्लोरिडात असा कायदा त्या वर्षी विधिमंडळातच अडकला, तरी तिथलाही दर उतरला. अलाबामात तो जास्त वेगाने उतरला, हेही मान्य. मात्र त्याच वर्षी २७ एप्रिलला तिथे टोर्नेडोंची, म्हणजे जमिनीवरच्या भोवरी वादळांची, मालिका येऊन गेली होती. राज्यात दोनशेहून जास्त माणसं मेली, टस्कलूसासारख्या शहरांतल्या वस्त्याच्या वस्त्या जमीनदोस्त झाल्या. उन्हाळ्यात बंद पडलेले धंदे शरद ऋतूत पुन्हा उघडले, घरं पुन्हा बांधायला निघाली. मेसेज लिहिणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नाही. शिवाय बेरोजगारीच्या दरात फक्त काम शोधणारे मोजतात. माणसाने कंटाळून शोधणं सोडलं की दर आपोआप उतरतो, आणि तेवढ्याने कुणाला नोकरी लागलेली नसते.

बरं, घुसखोरांच्या जागा स्थानिकांनी घेतल्या असं घटकाभर धरून चालू. घेतल्या कुठे? अलाबामातला टोमॅटो मुख्यतः चँडलर माउंटन नावाच्या पठारावर होतो. कायदा लागू झाला तेव्हा तिथे हंगाम चालू होता. मजूर गेले आणि फळ झाडावर सडलं. बर्मिंगहॅम शहरातल्या बेरोजगारांना तिथे नेऊन खुडणीला लावायचा प्रयोगही झाला. बहुतेक जण दोन-तीन दिवसांत परतले. त्याच सुमारास बीसनसाहेब शेतकऱ्यांना भेटायला पठारावर गेले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्यांच्यापुढे बादली धरली आणि म्हटलं, एवढी एक भरून दाखवा. साहेबांनी नकार दिला. म्हाताऱ्याने बादली तिथेच आपटली, हे होणार ते ठाऊकच होतं म्हणाला. असोसिएटेड प्रेसची बातमी आहे ही, कुठल्या चळवळ्याच्या पोस्टमधली नव्हे.

ताईच्या जॉर्जियाने त्याच वर्षी मे महिन्यात असाच कायदा केला होता. तिथे राज्याच्या कृषी खात्याने पाहणी केली तर शेतांवर ११ हजारांहून जास्त जागा रिकाम्या निघाल्या. गव्हर्नर नेथन डील यांनी तोडगा काढला की प्रोबेशनवर सुटलेले, हाताला काम नसलेले गुन्हेगार शेतावर पाठवायचे. अमेरिकस गावाजवळ काकडी तोडायला गेलेल्या पहिल्या तुकडीतले बरेच जण दुपारीच काम टाकून निघून गेले. जॉर्जियाच्या भाजी-फळ उत्पादक संघाने विद्यापीठाकडून हिशेब करून घेतला, तर त्या एका वर्षाचं शेतीचं नुकसान सुमारे १४ कोटी डॉलर निघालं. त्यात त्यांचा प्रसिद्ध विडालिया कांदाही आला. कांद्याचं नुकसान म्हणजे काय, ते मी निफाडकरांना सांगायला नको.

काका, तुम्हीच दर वर्षी द्राक्षाच्या थिनिंगच्या, म्हणजे मणी विरळ करायच्या वेळी पेठ-सुरगाण्याच्या टोळ्यांना उचल देऊन बांधून ठेवता ना? एका वर्षी टोळी आली नाही तर निफाडच्या पारावर बसलेली पोरं बागेत उतरतील का? आणि ती उतरली नाहीत, माल वेळेत निघाला नाही, तर पॅकहाउसमधल्या बायकांचं, क्रेटवाल्याचं, टेम्पोवाल्याचं काय होतं?

मेसेजने नेमकी हीच साखळी गाळली आहे. नोकऱ्या म्हणजे एसटीतली सीटं नव्हेत, एक उठला की दुसरा बसला. जो माणूस जातो तो घराचं भाडं देत असतो, किराणा घेत असतो, जुनी गाडी दुरुस्त करून घेत असतो. अलाबामा विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ सॅम्युअल ॲडी यांनी जानेवारी २०१२ मध्ये हा हिशेब मांडला. बेकायदा राहणारे ४० ते ८० हजार कमावते लोक राज्य सोडून गेले, तर मागणी आटल्यामुळे एकूण ७० हजार ते १ लाख ४० हजार नोकऱ्या जातील. राज्याच्या सकल उत्पादनात वर्षाला २३० कोटी ते १०८० कोटी डॉलरची घट होईल, म्हणजे १.३ ते ६.२ टक्के. राज्याच्या आयकर आणि विक्रीकरात ५ कोटी ६७ लाख ते २६ कोटी ४५ लाख डॉलरचा खड्डा पडेल. हा अंदाज आहे, पट्टाही रुंद आहे, आणि किती लोक जातील हे गृहीत धरलेलं आहे. वरचा आकडा मला स्वतःला जास्तच वाटतो. पण खालचाच घ्या. खालच्या टोकालाही उत्तर उणेच येतं.

अंदाज नको असेल तर ॲरिझोना घ्या. तिथे जानेवारी २००८ पासून बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकांवर कारवाईचा कायदा लागू झाला. कॅलिफोर्नियाच्या पब्लिक पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या अभ्यासकांनी मागाहून मोजलं, तर दोन वर्षांत नागरिकत्व नसलेल्या हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळांच्या) लोकांची संख्या सुमारे ९२ हजारांनी घटली होती. म्हणजे माणसं हलवायचं काम कायद्याने केलं. पण कमी शिकलेल्या कायदेशीर कामगारांना त्याचा फायदा झाल्याचं काही सापडलं नाही. जे बेकायदा लोक राहिले, त्यातले बरेच पगारी कामातून निघून अंगावरच्या, नोंद नसलेल्या कामांत ढकलले गेले, आणि तिथे मजुरी आणखी कमी.

मजुरी वाढली, या दाव्यात अर्धं खरं आहे. नाइलाजाने कबूल करतो. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१६ मध्ये ॲरिझोनाचा ताळेबंद छापला होता. २०१० ते २०१४ या काळात तिथल्या शेतमजुरांची मजुरी १५ टक्क्यांनी आणि बांधकाम मजुरांची १० टक्क्यांनी वाढली, हे त्यात आहे. पण त्याच लेखासाठी मूडीज ॲनालिटिक्सने केलेल्या हिशेबात बेकायदा लोक गेल्यामुळे राज्याचं सकल उत्पादन दर वर्षी सरासरी २ टक्क्यांनी कमी झाल्याचंही आहे. पहिली ओळ उचलायची आणि दुसरी गाळायची, याला अभ्यास म्हणत नाहीत. शिवाय मजुरी महागली की शेतकरी हात जोडून बसत नाही, तो यंत्र आणतो किंवा पीक बदलतो. अमेरिकेने १९६४ च्या अखेरीस ब्रासेरो योजना बंद करून जवळजवळ पाच लाख हंगामी मेक्सिकन मजुरांना दार बंद केलं. क्लेमेन्स, लुईस आणि पोस्टेल यांनी २०१८ मध्ये जुन्या नोंदी तपासून दाखवलं की त्यामुळे स्थानिक शेतमजुरांची मजुरी काही जास्त वेगाने वाढली नाही. कॅलिफोर्नियात टोमॅटो काढायची यंत्रं मात्र झपाट्याने आली.

‘फुकटे कर भरत नाहीत’ याला फार शब्द घालवत नाही. अलाबामात तेव्हा पीठ-दूध-अंड्यांवरही राज्याचा ४ टक्के विक्रीकर होता, आणि गल्ल्यावरची मुलगी पासपोर्ट बघून कर लावत नाही. देशभरात अशा लोकांनी २०२२ मध्ये ९६७० कोटी डॉलर कर भरला, असा आयटेप या करांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संस्थेचा हिशेब आहे. फूड स्टॅम्प (अन्नासाठीची सरकारी मदत) त्यांना मिळत नाहीत, नेहमीचा मेडिकेडही (गरिबांचा सरकारी आरोग्यविमा) नाही. शाळेचा खर्च मात्र खरा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या निकालापासून त्यांच्या मुलांना सरकारी शाळा नाकारता येत नाही. पण त्या खर्चाचं अलाबामाने काय केलं पाहा. नव्याने नाव घालणाऱ्या मुलाचे कागद शाळेने विचारायचे, असं कलम घातलं. कायदा लागू झाल्यावरच्या सोमवारी २२८५ हिस्पॅनिक मुलं शाळेत आलीच नाहीत. हे कलम आधीपासून शाळेत असलेल्या मुलांना लागू नव्हतं. त्यांतली बरीचशी अमेरिकेतच जन्मलेली, म्हणजे नागरिक. वरच्या न्यायालयाने दोन-अडीच आठवड्यांतच ते कलम थांबवलं. नागरिक असलेल्या मुलाला शाळेबाहेर ठेवून उद्याची तिजोरी कशी भरते, हे मेसेजकाराने एकदा वहीवर मांडून दाखवावं.

आता ताईचा मुद्दा, कारण अंगठा तिचा आहे. ‘कायदेशीर लोकांना त्रास नाही’ म्हणे. ऑलगूड या छोट्या गावाच्या पाणीपुरवठा कार्यालयाने पाटी लावली की अलाबामाचं लायसन्स किंवा फोटो ओळखपत्र नोंदवा, नाही तर नळ बंद होऊ शकतो. गाडीची नोंदणी करायला गेलेल्या गोऱ्या-काळ्या नागरिकांनाही नागरिकत्वाचा पुरावा घेऊन रांगेत उभं राहावं लागलं. नोव्हेंबरमध्ये टस्कलूसात पोलिसांनी भाड्याच्या गाडीतल्या एका जर्मन माणसाला अटक केली, कारण त्याच्याकडे लायसन्स नव्हतं, फक्त जर्मन ओळखपत्र होतं. तो निघाला मर्सिडीजचा अधिकारी. ज्या मर्सिडीजला कोट्यवधी डॉलरच्या सवलती देऊन राज्याने व्हॅन्सला कारखाना आणवला, तिचा. थोड्याच दिवसांत होंडाच्या एका जपानी कर्मचाऱ्यालाही नाकाबंदीत समन्स मिळालं. तेव्हा मिझूरी राज्यातल्या सेंट लुइसच्या एका दैनिकाने मर्सिडीजला अग्रलेखातूनच आपल्या राज्यात यायचं आमंत्रण दिलं. ताई, हायवेवर हात दाखवणाऱ्या पोलिसाला तुझा चेहरा आणि बेकायदा आलेल्याचा चेहरा वेगळा दिसेल, याची खात्री आहे तुला?

कमावलेला सगळा पैसा मायदेशी पाठवतात, असाही एक मुद्दा मेसेजच्या तळाशी आहे. ज्या घरात दर दिवाळीला अल्फारेटाहून पैसे येतात, त्या घराने तो पुढे ढकलू नये, इतकंच म्हणतो.

मेसेज २०११ च्या डिसेंबरातच थांबतो, पण गोष्ट पुढे चालली. जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲरिझोनाच्या २०१० मधल्या अशाच कायद्यातली (वर आलेला मालकांवरचा कायदा वेगळा) वादात आलेली चारपैकी तीन कलमं रद्द केली. त्याच निकालाच्या आधारे अलाबामाचीही बरीच कलमं पडली. ऑक्टोबर २०१३ मध्ये राज्याने तडजोड केली, शाळेच्या कलमासह मुख्य कलमं कायमची सोडली, आणि खटला भरणाऱ्यांच्या वकिलांची साडेतीन लाख डॉलर फी वर भरली. मालकाने कामगाराचे कागद ई-व्हेरिफाय या केंद्र सरकारच्या ऑनलाइन यंत्रणेवर तपासायचे, ही अट मात्र अजून कायम आहे.