लाक्षागृहातले दिवस

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनात आम्ही बंगला घेतला हे कळल्यावर आईने बिल्डिंगभर पेढे वाटले. व्हिडिओ कॉलवर घर फिरवून दाखवलं तर म्हणाली, "खालचं झालं, आता जिना चढ की." इथे बंगला म्हणजे बैठं घर. बंगालातल्या बैठ्या घरांवरून इंग्रजांनी शब्द उचलला, मजले आपण नंतर चढवले, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. पेढे वाटून झाले होते.

घर १९१३ सालचं, क्राफ्ट्समन शैलीचं. जेवणघरात भिंतींना खांद्यापर्यंत लाकूड, त्याच्यावर शोभेच्या बशा उभ्या करायला प्लेट रेल नावाची अरुंद फळी (आईच्या भाषेत, धूळ साठवायची सोय), वर जाड तुळया आणि भिंतीतच बसवलेलं ऐसपैस फडताळ. गुस्ताव्ह स्टिकली नावाचे गृहस्थ १९०१पासून 'द क्राफ्ट्समन' मासिक काढत. भपका नको, लाकूड लाकडासारखं दिसू द्या, असा त्यांचा उपदेश. मी भारावून स्टुलावर चढलो आणि त्या प्रामाणिक तुळईवर टकटक केलं. आत पोकळ! तीन फळ्या जोडून केलेलं खोकं निघालं. प्रामाणिकपणाला बजेट असतं.

हे सगळं लाकूड मात्र पांढऱ्या ऑइलपेंटखाली गाडलेलं. आमच्याच गावात ग्रीन बंधू या वास्तुविशारदांनी १९०८ साली बांधलेलं गॅम्बल हाउस आहे, आत भरपूर साग नि महोगनी. पुढे घर विकायचा विचार चालला असताना बघायला आलेले कोणी म्हणाले, हे लाकूड पांढरं रंगवून टाकू. घरच्यांनी विक्रीचा बेतच मोडला, आणि १९६६मध्ये घर सार्वजनिक झालं. आमच्या घरी ते 'कोणी' येऊन राहून गेले होते.

मी पटाशी उचलली.

पांढऱ्याखाली गुलाबी, गुलाबीखाली पिस्ता, मग साय. दिवाळीतली बर्फी खरवडल्यासारखं वाटे. पण १९७८मध्ये बंदी येईपर्यंत अमेरिकेत घरांच्या रंगात शिसं चालायचं, त्यामुळे पोरांना बहिणीकडे धाडून, तोंडाला मास्क लावून, सगळं ओलं करून खरवडायचं. कंटाळून मी हीट गन आणली, म्हणजे तापलेल्या हवेने रंग मऊ करणारं यंत्र. सर्वांत खालचा थर शेलॅकचा, म्हणजे लाखेचा. आपल्याकडच्या झाडांवरच्या किड्यांची लाख जहाजातून इथवर आली होती. लाखेच्या घरात आग नेणाऱ्यांचं काय होतं, हे महाभारत वाचलेल्याला सांगायला नको. आमच्याकडे विदुर नव्हता, पण बायको होती. "शिशाची वाफ हुंगायचीय का तुला?" म्हणत तिने गन काढून घेतली ती आजतागायत दिलेली नाही.

पण त्या लाखेनेच तारलं. लाकडाने रंग पिऊ नये म्हणून ती मध्ये उभी होती. रसायन लावून थोडं थांबलं की चारही थर साडीसारखे सुटून येत. आणि खालून डग्लस फर नावाचं इथलं लाकूड निघालं, दोनदा उकळलेल्या चहाच्या रंगाचं, सरळ रेघांचं. त्या रात्री मी तीनदा उठून फडताळाला हात लावून आलो.

तिथेच थांबायला हवं होतं.

यशाने शेफारून मी बेडरूमच्या दाराला भिडलो. तीन शनिवार गेले. रंग रेघारेघांत मुरलेला; दातकोरणीने उकरत बसलो. शेवटी गल्लीतल्या म्हाताऱ्या सुताराला बोलावलं. त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून उघड्या लाकडावर घासला. बोळा पांढराच राहिला.

"खाली लाख नाहीच," ते म्हणाले. "तेव्हा झोपायच्या खोल्या पुष्कळदा पांढऱ्याच रंगवत. स्वच्छ दिसतात म्हणून."

"म्हणजे हे दार..."

"पहिल्या दिवसापासून पांढरं."

बायको खोलीबाहेर गेली. हसू आवरायला गेली असावी, कारण ते ऐकू आलं.

रविवारी रंगाच्या दुकानात गेलो. पोऱ्याने पांढऱ्याच्या छटांचा अख्खा गठ्ठा पुढे ठेवला आणि विचारलं, कुठला पांढरा हवाय? मी खिशातून झिपलॉकची पिशवी काढली. तीत त्या दाराचा, तीन शनिवार खर्ची घालून काढलेला, अगदी पहिला थर होता.