पाखाडीवरचा दिवा आणि बंधित निधी

आमच्या वाडीतून मुख्य रस्त्यावर उतरणारी जांभ्या दगडाची एक पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, आहे आणि तिच्या मधल्या वळणावर विजेचा एक दिवा असावा, एवढीच आमच्या वाडीची लोकशाहीकडून अपेक्षा आहे. पावसाळ्यात पायऱ्यांना शेवाळ धरते, आणि रत्नागिरी जिल्ह्यात ज्याची टंचाई कधीच जाहीर करावी लागली नाही ते फुरसे जांभ्याच्या फटीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचे निरीक्षण करीत असते. अशी मागणी कोठे करावी याबाबत कायद्याने नागरिकाला अंधारात ठेवलेले नाही. 1992 सालच्या 73व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळाले आणि महाराष्ट्रात वर्षाकाठी निदान चार ग्रामसभा घेणे ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. त्यांना हजर राहणे मात्र कोणावरच बंधनकारक नाही, आणि या सवलतीचा लाभ आमच्या गावाने जितका घेतला तितका दुसऱ्या कोणत्याही शासकीय योजनेचा घेतलेला नाही.

यात गावाला दोष देण्यात अर्थ नाही. ग्रामसभांचे नेहमीचे दिवस म्हणजे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. हे ज्याने ठरवले त्याच्या मालकीचे हापूसचे एकही कलम नसावे. जानेवारीत मोहोरावर फवारणी चालू असते, मेच्या आरंभी खळ्याखळ्यांत आंब्याच्या पेट्या भरल्या जात असतात, ऑगस्टात सभागृहाच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळतो की सरपंचांचे केवळ ओठ हलताना दिसतात, आणि ऑक्टोबरात भात कापणीला आलेले असते. त्यातच गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार लागतात. आमच्या यादीत मतदार भरपूर आहेत; त्यांतील बरेचसे विरार आणि नालासोपारा येथे राहतात, एवढेच. मात्र गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. ही तरतूद गावाला कळल्यापासून पहिल्या सभेला जाणे अननुभवी माणसाचे लक्षण मानले जाते. “आज कशाला जातांव? आज तहकूबच व्हायची हाय,” असे मला वाटेत अडवून समजावणाऱ्या गृहस्थांच्या न येण्यामुळेच ती तहकूब होते, आणि आपले भाकीत खरे ठरल्याबद्दल ते दर वेळी समाधान व्यक्त करतात.

तहकुबीनंतरच्या सभेत अंदाजपत्रकाचे वाचन होते. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणावयाचे असले तरी गाव भाऊसाहेबच म्हणते, नमुना क्रमांक 1 उघडून जमेच्या बाजूला प्रारंभ करतात. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर. दिवाबत्ती कर मी नियमितपणे भरतो, हे या ठिकाणी मी दर वर्षी नमूद करतो आणि ते दर वर्षी इतिवृत्तात येत नाही. घरपट्टीचा मोठा हिस्सा बंद घरांकडून येणे असतो, आणि बंद घरे गणपतीतच उघडतात, त्यामुळे वसुलीसाठी निघालेला शिपाई आरतीच्या वेळेस पावतीपुस्तक घेऊन हजर होतो व प्रसाद घेऊन परततो. जे जमा होते त्यातून मागासवर्गीयांसाठी 15 टक्के, महिला व बालकल्याणासाठी 10 टक्के आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के बाजूला काढणे नियमाने आवश्यक आहे, आणि ते योग्यच आहे. उरलेल्या रकमेवर पाणी सोडणारा, शिपाई आणि पंपाचे वीजबिल एकाच वेळी हक्क सांगतात. पाखाडीचा दिवा या रांगेत कोठेतरी फुरशाजवळ उभा असतो.

“पण वित्त आयोगाचे पैसे आले आहेत ना?” असे मी विचारले, तेव्हा भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर प्रथमच उत्साह दिसला. पैसे आले होते. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी 2021 ते 2026 या काळासाठी होता आणि त्यातील 60 टक्के बंधित, म्हणजे निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी व निम्मा स्वच्छतेसाठीच खर्च करावयाचा, असा दंडक होता. हा दंडक करणाऱ्याच्या हेतूबद्दल माझ्या मनात आदरच आहे. ज्या कोकणात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि सच्छिद्र जांभ्यातून झिरपून, वहाळांतून धावून तो समुद्राला मिळतो, तेथे मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला पाण्यासाठी पैसे राखून ठेवणे हा शहाणपणाच होय. महिला ग्रामसभेत याच विषयावर सर्वांत नेमके प्रश्न विचारले गेले होते, आणि “पाणीप्रश्नावर चर्चा झाली” एवढ्या तीन शब्दांत इतिवृत्ताने त्यांची बोळवण केली होती. राहिलेला 40 टक्के अबंधित निधी मात्र सभा सुरू होण्यापूर्वीच वाड्यावाड्यांत वाटला गेला होता. ती वाटणी कोणत्या सभेत झाली हे मला विचारता आले असते, पण त्या सभेला बहुधा गणपूर्ती झालेली असावी.

तेव्हा गावाने मार्ग काढला. मागणी कोणतीही असो, ती पाण्याच्या किंवा स्वच्छतेच्या वेषात सभेपुढे येऊ लागली. देवळाची संरक्षक भिंत ही शेजारच्या विहिरीच्या पाण्याचे प्रदूषण रोखणारी भिंत झाली. स्मशानाकडे जाणारा साकव, म्हणजे वहाळावरचा छोटा पूल, जलवाहिनी पलीकडे नेण्यासाठी अत्यावश्यक ठरला. कोणी तरी जलवाहिनी कुठे आहे असे विचारले, तर ती साकवानंतर येईल असे उत्तर मिळाले. वरच्या वाडीतील निवृत्त गुरुजींनी वाचनालयाच्या छपराची दुरुस्ती छतावरील पर्जन्यजल संकलनाखाली मांडली, आणि तिच्यात तथ्य होते, कारण ते छप्पर वर्षानुवर्षे पर्जन्यजल पुस्तकांवर संकलित करीत आले आहे.

मग मीही अर्ज नव्याने लिहिला: “सार्वजनिक विहिरीकडे जाणारा मार्ग महिलांच्या सोयीसाठी प्रकाशित करणे.” पाखाडीच्या तळाशी विहीर खरोखरच आहे. ठराव आवाजी मतदानाने संमत झाला, अंदाजपत्रक तालुक्याला गेले आणि तेथून विचारणा आली की, रात्री पाणी वाहून नेणाऱ्या महिलांचे छायाचित्र जोडावे. वाडीतील काकूंनी स्पष्ट सांगितले की, अंधारात त्या विहिरीवर कोणी जात नाही, म्हणून तर दिवा हवा. हा खुलासा मी लेखी पाठविला. त्यावर उलट टपाली कळविण्यात आले की, ज्या मार्गाचा रात्री वापर होत नाही तो प्रकाशित करण्याची गरज तपासून पाहावी लागेल. प्रकरण तपासावर आहे.

या पत्रव्यवहाराने माझा एक फायदा झाला. गावात माझी अर्जलेखक म्हणून कीर्ती पसरली आहे आणि संध्याकाळी ओटीवर कोणी ना कोणी कागद घेऊन येऊन बसते. परवा क्रिकेट मंडळाची मुले आली होती. त्यांना शिमग्यानंतरच्या रात्रीच्या सामन्यांसाठी मैदान सपाट करून हवे होते. “काका, ह्यात पानी कसा काय घुसवायचा ता तुमीच बघा,” असे ते म्हणाले. मी “पर्जन्यजल भूजलात मुरविण्यासाठी सपाट क्षेत्र विकसित करणे व शोषखड्डा घेणे” असे शीर्षक सुचविले, आणि ते त्यांना पसंत पडले. शोषखड्डा खेळपट्टीवर न घेता लाँग ऑनच्या सीमारेषेबाहेर घ्यावा, एवढ्याच मुद्द्यावर सध्या आमची बोलणी चालू आहेत.