‘आधी इंजिन उतरव’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

काका,

(गाड्यांच्या कामात केस पांढरे झाले असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतोय. राग नसावा.)

जुन्या यामाहा आरएक्स १०० या मोटरसायकलवरच्या माझ्या लेखावर तुम्ही जे सुनावलंत, ते बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. व्हिडिओ बघून पाना धरणारी पोरं गाडीची वाट लावतात. बंद पडलेली टू-स्ट्रोक हाती आली की सरळ इंजिन उतरवावं, बोअर-पिस्टन करून घ्यावं (म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा करायचा आणि नवं पिस्टन टाकायचं), ऑइल पंप (पेट्रोलबरोबर जळणारं ऑइल इंजिनाला पुरवणारा) काढून फेकावा, कलर मारावा, विषय संपला. प्लग पुसत आणि कार्बोरेटर फुंकत बसणं म्हणजे टाइमपास. आणि शेवटी, "हिंमत असेल तर गाडी आणून दाखव."

पोरं वाट लावतात, कबूल. पण माझी गाडी आली तेव्हाच कव्हरचे स्टार स्क्रू घासून गोल झालेले होते आणि प्लगचे आटे गेलेले होते. ती कुठल्या पोराकडून नाही, चालत्या गॅरेजमधून आली होती. माझं म्हणणं एवढंच आहे की रोग कळल्याशिवाय इंजिन उघडू नये, आणि रोग शोधण्याचं काम नवशिक्याला जमतं. दुरुस्ती जमेलच असं नाही.

बोअरचंच घ्या. आरएक्सचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धावही ५०, म्हणून ९८ सीसी. बोअर केला की पाव मिलिमीटर मोठं पिस्टन, पुढच्या खेपेला आणखी पाव. सिलिंडरच्या आतल्या नळीतून (लायनरमधून) गेलेलं लोखंड परत येत नाही. ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात बनली, त्यामुळे कंपनीचा धड सिलिंडर आज किती शोधावा लागतो हे तुम्हाला मी काय सांगू! किक मारताना पायाला नीट दाब लागतोय, दाब मोजायचा गेज लावला तर काटा बरा चढतोय, अशा सिलिंडरवर ‘आता उघडलंच आहे तर’ म्हणून बोअर मारणं म्हणजे त्याचं आयुष्य फुकट खाणं.

आता माझ्या गाडीचा रोग. थंड असताना पहिल्या-दुसऱ्या किकला चालू. गरम झाली की आयडल (थ्रॉटल सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) आपोआप चढायचं. सायनच्या सिग्नलला थ्रॉटल पूर्ण बंद, आणि इंजिन मात्र बोंबलतंय, आजूबाजूचे रिक्षावाले वळून बघतायत. एकाने कार्बोरेटर बदल म्हटलं, दुसऱ्याने तुमच्यासारखंच बोअर. कार्बोरेटर साफ होता, केबल मोकळी होती, प्लग मात्र बदामी दिसायच्या ऐवजी पांढरा पडलेला. म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात शिरतं, पिस्टन खाली येताना तिथे दाबलं जातं आणि मग पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये जातं, हे तुम्हाला पाठ आहे. नव्या वाचकांसाठी लिहितोय. क्रँककेस हवाबंद नसेल तर सगळा हिशेब बिघडतो. गाडी वर्षानुवर्षं पडून राहिली की क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतं त्या दांड्याची) दोन्ही बाजूंची रबरी ऑइल सील वाळून कडक होतात. मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते: आयडल चढतं, इंजिन तापतं, शेवटी पिस्टन जाम. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल आत जातं, पांढरा धूर सुटतो आणि ऑइलची पातळी उतरत राहते. मी गाडी चालू ठेवून कार्बोरेटर क्लीनरचा बारीक फवारा एकेका जोडावर मारला (हा पेटतो, त्यामुळे गरम सायलेन्सरपासून लांब आणि मोकळ्या जागेत). रीड व्हॉल्व्हपाशी (मिश्रण आत घेणाऱ्या झडपेपाशी) काही नाही, मॅग्नेटोच्या मागे मारल्याबरोबर इंजिनाचा आवाज बदलला, म्हणजे फवारा तिथून आत ओढला जात होता. पुलर लावून मॅग्नेटो काढला, नागदेवी स्ट्रीटवरून आणलेलं सील बसवलं, आयडल जागेवर आलं. तुमच्या पद्धतीने आधी नवं पिस्टन टाकलं असतं, तर त्याच वाळक्या सीलने ते नवं पिस्टनही जाम केलं असतं.

ऑइल पंपाबद्दल मात्र मी हट्टीच आहे. हा पंप इंजिनाच्या वेगाप्रमाणे आणि थ्रॉटल किती उघडलाय त्याप्रमाणे, दोन्ही बघून ऑइल सोडतो. पंप काढून ऑइल थेट पेट्रोलमध्ये मिसळलं की प्रमाण कायम एकच. जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला ते जास्तच होतं. प्लग ओला आणि मागचा माणूस शिव्या देणारा. पंप बिघडतो तो बहुतेकदा पाइपात हवा अडकल्याने किंवा केबलची खूण जुळवलेली नसल्याने. हवा काढा, खूण जुळवा, आणि पंपावर विश्वास बसेपर्यंत पहिल्या टाकीत थोडं टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मिसळा. एवढ्यासाठी पंप फेकू नये.

बाकी तपासण्या लेखात आहेतच. एकच पुन्हा सांगतो, कारण ती इथे फार होते: गाडी थोडं अंतर छान चालते, मग गळा दाबल्यासारखी बंद पडते, पेट्रोल टाकीचं झाकण उघडलं की ‘फुस्स’ होऊन पुन्हा चालते. झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. मुंबईच्या दमट हवेत टाकी आतून गंजते, त्यात इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी धरून ठेवतं. म्हणून टाकी आधी आतून साफ, मग कलर. उलटं केलंत तर गंज काढायचं ॲसिड नव्या रंगावरून ओघळेल.

फ्रेमला पावडर कोटिंग करताना चासी नंबर झाकून घ्या, तो बुजला तर आरटीओत उभं राहून उत्तर तुम्हालाच द्यायचंय. पंधरा वर्षांनंतर आरसी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते आणि तेव्हा तो नंबर बघतात. खरं तर आरसी धड नसेल तर गाडी घेऊच नका, मग ती कितीही स्वस्त असो.

क्रँक उघडणं, कनेक्टिंग रॉड बदलणं, क्रँक प्रेसवर बसवून डायल गेजने सरळ करणं, ही कामं इमारतीच्या पार्किंगमध्ये होत नाहीत. तिथे तुमच्यासारख्यांकडेच यायचं. मी फक्त म्हणतो की येताना माणसाला सांगता आलं पाहिजे, ‘बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग) वाजतोय, बोअर ठीक आहे, तो बघा पण मारू नका.’ असं गिऱ्हाईक तुम्हालाही आवडेल. निदान भांडण तरी नेमक्या मुद्द्यावर होईल.

गाडी आणून दाखवतो, या रविवारी सकाळी चालेल का? हेड उघडायचं नाही, ही एकच अट. गरम झाल्यावर आयडल ऐका, आणि क्लचच्या बाजूचं सीलही बदलून घ्यावं का ते सांगा. ते मी अजून तसंच ठेवलंय. पांढरा धूर नाही आणि गिअर ऑइलही उतरत नाही, म्हणून.