‘पर्यटकांसाठी मिरवणारे’: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

ग्वाटेमाला आणि मेक्सिकोत राहणाऱ्या, माया लोकांपैकीच असलेल्या माम लोकांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, "माया हजार वर्षांपूर्वीच संपले. आता उरलेत ते पर्यटकांसाठी रंगीत कपडे घालून मिरवणारे. गुगलवरून लेख पाडणाऱ्या ताईंना हे कोण सांगणार?" लेख लांबला, नकाशा नाही, याही तक्रारी आहेत. नकाशा हवा होता, मान्य.

पण ‘लेख पाडणाऱ्या ताई’? ओळखपाळख नसताना कुणाची लायकी काढायची ही कुठली रीत? माझं म्हणणं पटलं नाही तर तसं सांगा, ऐकून घेईन.

मी कॅलिफोर्नियात ओकलंडला राहते. ग्वाटेमालातल्या वेवेतेनांगोकडची कितीतरी माम कुटुंबं इथे आहेत. शेजारच्या बाई व्हरांड्यात विणायला बसतात. मागाचं एक टोक खांबाला, दुसरं कमरेच्या पट्ट्याला. ताणा घट्ट हवा की मागे रेलायचं, सैल हवा की पुढे झुकायचं. नक्षीचा एकेक रंगीत धागा बोटांनी घालायचा. एका विपीलचं, म्हणजे त्यांच्या झंपराचं, कापड पुरं व्हायला महिने जातात. या व्हरांड्यात कुठला पर्यटक येतो हो? आणि तिकडे ग्वाटेमालात, तोदोस सांतोस या माम गावात तर पुरुषही लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या विजारीत शेतात राबतात.

मेक्सिकोच्या चियापासमध्ये १९३०च्या दशकात सरकारने माम लोकांना हाच पोशाख आणि स्वतःची भाषा सोडायला लावली. कपडे जाळले. १९८०च्या दशकात ग्वाटेमालाचं लष्कर गावंच्या गावं पेटवत होतं. पोशाखावरून गाव ओळखू येतं, म्हणून जीव वाचवायला कित्येक बायकांनी तो उतरवून ठेवला. ज्यापायी जीव जाऊ शकतो ते अंगावर घालणं तुम्हाला मिरवणं वाटतं? लिहिताना हात कसा धजावला तुमचा?

राहिलं ‘हजार वर्षांपूर्वी संपले’. मग १५२५मध्ये गोन्सालो दे आल्वारादो या स्पॅनिश सरदाराने साकुलेऊच्या किल्ल्यात महिनोन्‌महिने वेढा कुणाला घातला होता? माम लोकांनाच. आतून त्यांचा राजा काइबिल बालाम लढत होता, उपासमार झाली तेव्हा कुठे शरण आला. आजही पाच लाखांहून जास्त लोक माम बोलतात. शेजारच्या त्याच बाईंबरोबर मी दवाखान्यात गेले होते. तिथे त्यांना स्पॅनिश दुभाषा दिला. त्यांना धड स्पॅनिश येत नाही, म्हणून प्रत्येक प्रश्नाला नुसती मान हलवत राहिल्या. हे मी शेजारी बसून पाहिलंय, गुगलवर नाही.

लांबीबद्दल बोलत नाही. पुढचा भाग तोदोस सांतोसच्या १ नोव्हेंबरच्या घोडेशर्यतीवर आहे, आणि तोही मी कापणार नाही.